तोंडात मिश्री असताना

मुंबई,
२० नोव्हेंबर १९७४

ती. वहिनींना सप्रेम जयभीम.

दिवाळीच्या सुट्टीहून सुखरूप पोचले. तुम्ही बांधून दिलेले धपाटे हॉस्टेलातल्या मुलींनी डबा उघडल्याबरोबर संपवले. कोणी केले म्हणून विचारत होत्या. माझ्या वहिनीने, असं जरा मान वर करूनच सांगितलं.

आता बातमी. मला ऑफिसात पहिल्यांदा स्वतंत्र काम मिळालं. लोकांना नुसते प्रश्न विचारायचा पगार कोण देतं, असं तुम्ही विचारलं होतं ना? कारखानदार देतात. माल काढायच्या आधी त्यांना कळायला हवं असतं की लोक काय घेतात, काय सोडतात आणि का. आमची कंपनी ते विचारून आणते. या वेळी दंतमंजन करणाऱ्या एका कारखान्याला जाणून घ्यायचंय की लोकांची तंबाखू कशी बदलत चालली आहे, आणि तंबाखूच्या जागी दुसरं काही दिलं तर ते घेतील का.

मीटिंगमध्ये साहेब तक्ता लावून उभे होते. ते कलकत्त्याचे. चिलीम कमी होतेय, विडी वाढतेय, शहरातली पोरं फिल्टरच्या सिगारेटकडे वळलीत, असं सगळं सांगून झालं. मी म्हटलं, "आणि बायका?" साहेब म्हणाले, "आपल्याकडच्या बायका कुठे ओढतात?" मग मी उभी राहिले. म्हटलं, मराठवाड्यात चला, सकाळी कुठल्याही घराच्या मागच्या दारी बघा. बायका तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, कुटतात आणि बोटाने दातांना घासत बसतात. तिला मिश्री म्हणतात. बोट दातावर फिरवून दाखवलं. टाय लावलेली माणसं बघतच राहिली. तिथल्या तिथे काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बायकांच्या मिश्रीचं विचारायला पुरुष गेला तर केरसुणी खाऊन येईल.

मी सोलापूर आणि नगरकडे फिरणार आहे. सेलूत आणि जवळच्या वालूरला तुम्ही विचाराल का? कोण लावतं, केव्हापासून, घरी भाजतात की दुकानातून आणतात, आणि सोडावीशी वाटते का, एवढंच.

आणि आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले ते सांगते. दिवाळीत मी पाहिलं, माय भाकरी एकाच बाजूने चावते. ठेचा तिने ताटाबाहेर सारला. माझी माय आणि ठेचा नको म्हणते, हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. विचारलं तर "दाढ दुखायलीय" म्हणाली. मला ते खरं वाटत नाही. तिला परभणीच्या दवाखान्यात दाखवा. दादाला जिनिंगच्या हंगामात मान वर करायला वेळ नसतो, म्हणून तुम्हालाच सांगते.

तुमची,
रुख्मिणी

•

सेलू,
३० नोव्हेंबर १९७४

प्रिय रुख्माताई, सप्रेम जयभीम.

तुमची वेणी मी घालायची, उवा मी काढायच्या, तरी नणंद म्हणून अहोजाहो करत आले. आता तुम्ही टायवाल्यांना मिश्री शिकवायला लागलात म्हणजे अहोजाहो दुप्पट करावी लागणार. तुमचं पत्र मी शेजारच्या कस्तुराबाईंना वाचून दाखवलं. बोट फिरवून दाखवल्याचं आलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की त्यांच्या बालवाडीतली लेकरं आत काय चाललंय ते बघायला आली.

थांबा, तुमच्या दादांना चहा पाहिजे.

झाला चहा. तर पुरुषांचं सांगायचं म्हणजे चिलीम आता म्हाताऱ्यांकडेच राहिली. जिनिंगमधले सगळे विडीवाले. कापसाजवळ आगीची भीती, म्हणून विडी ओढायला फाटकाबाहेर जाऊ देतात. आणि फाटकाबाहेर जायला मिळतं म्हणून जो ओढत नव्हता तोही ओढायला शिकला. स्टेशनवर पोरं सिगारेट घेतात, एक पेटवतात आणि तिघं मिळून संपवतात. हे सगळं तुमच्या तक्त्यात घाला.

बायकांचं असं, की जुन्या बाया अजून घरीच भाजतात. एकीने तवा ठेवला की ठसका साऱ्या गल्लीला. पण दुष्काळात खडी फोडायला गेल्या तेव्हापासून रोजाचे पैसे हातात आले आणि दुकानातली तयार पुडी घरात आली. पुडी आल्यापासून पोरीसोरीही लावतात.

परत हाक आली. येतेच.

आता आत्याबाईंचं, तुमच्या मायचं. दाढेचं नाव करूनच त्यांना परभणीला नेलं, नाहीतर त्या गाडीत चढल्या नसत्या. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं. गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा आहे, बोटाच्या पेराएवढा. ते म्हणाले, "आजी, मिश्री आज बंद केली तर हा जाईल. नाही केली तर याचाच उद्या कॅन्सर होईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. चार महिन्यांनी परत दाखवा." आत्याबाई "हौ" म्हणाल्या. मला बरं वाटलं. स्टेशनवर गाडीला वेळ होता. त्या बाकावरून उठल्या, फलाटाच्या टोकाला गेल्या, माझ्याकडे पाठ केली आणि कमरेची डबी काढली.

त्यांच्या तोंडात मिश्री असली की बोलून उपयोग नसतो, उत्तर मिळत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, पण ताई, मला ती तशी जायला नकोय. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी आई नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही शिकलेल्या, काहीतरी सुचवा.

धाकट्याची पाटी फुटली, रडतोय. इथेच थांबते.

तुमची वहिनी,
कमल

•

सोलापूर,
८ डिसेंबर १९७४

ती. वहिनींना सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मुंबईहून फिरून इथे मिळालं. मायला काही झालं तर, एवढंच डोक्यात फिरतंय. तुम्ही तिला नेलंत, दाखवलंत, सगळं केलंत. तुमच्या जागी मी असते तर फलाटावरच भांडले असते आणि काम बिघडवून ठेवलं असतं.

सोबत पार्सल पाठवते. कारखान्याने नवी पावडर केली आहे, नाव 'सुहास'. लवंग, बडीशेप, कापूर, तंबाखूचा कणही नाही. बोटानेच लावायची, मिश्रीसारखीच काळपट, म्हणजे हाताची सवय मोडायला नको. गुलाबी डब्यावर लिहिलंय, 'एका मिनिटात काम फत्ते'. या ओळीवर साहेब फार खूश आहेत. मायला एक डबा द्या, बाकीचे गल्लीत आणि वालूरला वाटा, आणि कोण काय म्हणतं ते कळवा. माझ्या नोकरीसाठी हे विचारते हे खरं, पण माझी परीक्षा घरीच होणार. मायची मिश्री या डब्याने सुटली तर डबा चांगला, नाही सुटली तर चुलीत घाला.

आणखी एक करा. नुसतं विचारू नका, सकाळी त्यांच्यात जाऊन बसा. मला इथे ते कळलं. विडी वळणाऱ्या बायकांच्या शेडमध्ये मी कागद घेऊन उभी राहिले तेव्हा सगळ्या "हो" आणि "नाही" एवढंच बोलल्या. कागद पिशवीत टाकून त्यांच्या सुपाशी बसले तेव्हा बोलायला लागल्या. काय हात चालतात त्यांचे. पान कापतात, तंबाखू भरतात, वळतात, दोरा गुंडाळतात, आणि तेवढ्यात सासरच्या गोष्टीही सांगून होतात. एकीला विचारलं, तुम्ही ओढता का? ती म्हणाली, हलवायाला लाडवाची काय हौस. अशा माणसांत दिवस काढायला मिळतो आणि वर पगार मिळतो, हे मला अजून खरं वाटत नाही.

तर बसा, वहिनी. माय मिश्री का सोडत नाही ते तुम्हाला शेजारी बसूनच कळेल.

तुमची,
रुख्मिणी

•

सेलू,
२१ डिसेंबर १९७४

प्रिय रुख्माताई, सप्रेम जयभीम.

तुमच्या गुलाबी डब्याचा निकाल ऐका. वास सगळ्यांना आवडला. चव इतकी आवडली की कस्तुराबाईंच्या बालवाडीत लेकरांनी अर्धा डबा चाटून खाल्ला. कुणी नावं ठेवली नाहीत. आणि कुणी मिश्रीही सोडली नाही. आत्याबाईंनी माझ्यासमोर पावडर लावली, चूळ भरली, "ग्वाड हाय" म्हणाल्या आणि मग कमरेची डबी काढून मिश्री लावत बसल्या. पावडर लावून झाली म्हणून मिश्री लावायला त्यांना कसलीच अडचण वाटली नाही.

मला उलगडा होईना. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे वालूरला गेले आणि सकाळी बायकांत बसले. तिथे बायनाबाई आहेत, आत्याबाईंच्या जुन्या सोबतीण, दोघी एका टोळीत खुरपायला जायच्या. मी विचारलं, "मावशी, पावडर ग्वाड हाय, महाग न्हाई, मग मिश्री कामून सुटत न्हाई?" त्यांनी मला हाताने थांबवलं. तोंडातलं घासून होईपर्यंत मी गप्प बसले. मग थुंकल्या आणि म्हणाल्या:

"आता तू किती येळ थांबलीस? तसंच समदे थांबतेत. तोंडात मिश्री असली की सासू हाक मारीत न्हाई, नवरा बी न्हाई. रानात मुकादम बाईला पाठ सरळ करू देत न्हाई, पर मिश्री लावायलीय म्हणलं की तो बी दुसरीकडं बगतो. बोलताच येत न्हाई तर हाक मारून काय करतेत? तुही पावडर मिनिटात व्हती. मंग काय, उटा नि लागा कामाला."

बाकीच्या हसल्या, पण सगळ्यांनी माना हलवल्या. ताई, मी इतकी वर्षं या घरात बघतेय. आत्याबाई मागच्या दारी बसल्या की तुमचे दादासुद्धा दबकत जातात. मला वाटायचं, आईचा मान ठेवतात. तो मिश्रीचा मान होता. आणि 'एका मिनिटात काम फत्ते' हे तुमच्या साहेबांना सर्वात आवडलं, तेच बायकांना नको आहे.

त्या बायका बसतात ते बघण्यासारखं असतं. दिवसभर कष्टाने वाकलेल्या बाया तेवढा वेळ राणीसारख्या दिसतात. कोणाची पर्वा नाही. ऊन अंगावर घेतात, कोंबड्यांकडे बघतात, आणि सगळं जग तोवर थांबून राहतं.

आत्याबाईंची मात्र काळजी वाटते. आता त्या दूधभाकरीच खातात.

पत्राच्या कोपऱ्यावर तपकिरी बोट उमटलंय, त्याकडे लक्ष देऊ नका. पानाचा कात लागला असेल. हाक आली, जाते.

तुमची वहिनी,
कमल

•

मुंबई,
५ जानेवारी १९७५

ती. वहिनींना सप्रेम जयभीम.

बायनाबाईंचं बोलणं मी मीटिंगमध्ये जसंच्या तसं वाचलं, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. कारखान्याचा माणूस म्हणाला, "म्हणजे गिऱ्हाईक तंबाखू घेत नाही, फुरसत घेतं?" मी म्हटलं, "हो. तुमच्याही ऑफिसात माणसं सिगारेट ओढायला गच्चीवर जातात ना? जो ओढत नाही त्याला कोणी गच्चीवर जाऊ देतं का?" साहेबांच्याच हातात पाकीट होतं. त्यांनी ते हळूच खिशात टाकलं. नंतर मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "हे चांगलं आहे, पण मला सांगा, फुरसत कुठल्या डब्यात भरायची?"

वहिनी, हे तुम्ही शोधलंत. अहवालात तुमचं नाव घालायचं मी ठरवलं आहे. एम.ए. झालेली माणसं आमच्याकडे पैशाला पासरी आहेत, पण कोणाच्या तोंडातलं घासून होईपर्यंत गप्प बसून राहणं त्यांना जमलं नसतं.

तरी मायचं काय? कळलं ते कळलं, पण तिच्या गालातला चट्टा त्याने जाणार नाही. ती कोणाचंच ऐकत नाही म्हणावं तर तुमचं ऐकते. मी तिला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. तिला सांगा, रुख्मिणी रडते. खरंच रडते. एकच धीर आहे, की घरात तुम्ही आहात आणि तुम्हाला ही सवय नाही. कात मात्र जपून, पान फार खायला लागलात की काय? तुमचे दात सगळ्या गल्लीत उजळ आहेत, ते तसेच राहू द्या.

तुमची,
रुख्मिणी

•

सेलू,
९ फेब्रुवारी १९७५

रुख्मिणीला माय सरजाबाईचा जयभीम.

ही चिठ्ठी कस्तुराबाई लिवायलीय. तिला म्हणलं, मी बोलते तसंच लिव, बालवाडीवाणी सुदारू नको. कमल घरात न्हाई, पिठाच्या गिरणीत गेली. तिच्या माघारी सांगायलेय, कारण तिनं तुला लिवलं न्हाई ते तुला मालूम पायजे.

कागदावर जे बोट उमटलं ते कात न्हाई. ती मिश्री हाय. तुही वैनी मिश्री लावायली व्हती.

तू म्हणलीस त्यांच्यात बस. ती बसली. वालूरला बायनानं तिला चिमूटभर दिली, तिनं लावली. कुणी हाक मारली न्हाई. घरी आली तरी रोज सकाळी तुराट्यांच्या गंजीआड जायची. मला वाटायचं, सरपण काढायलीय. येक दिस मी मागं गेले तर ही बसलेली, तोंड काळं, बोट दातावर. मला बगून दचकली. बोलता येईना, तोंड भरलेलं. मी बी रागावले न्हाई. मिश्री असली की बोलायचं न्हाई, ही तर माहीच आदत. गप शेजारी बसले. मंग तिनं थुकलं नि रडाया लागली. म्हणली, "आत्याबाई, लगीन होऊन आल्यापासून पयल्यांदाच मला सकाळी कुणी हाक मारली न्हाई."

रुख्मे, त्या येका बोलण्यानं मला लय लागलं. डॉक्टर बोलला त्यानं लागलं न्हाई, तुह्या रडण्यानं बी लागलं न्हाई, तू रागावलीस तरी खरं ते सांगते.

मी लगीन होऊन आले तवा लय लहान व्हते. सासू सुलाबाई कडक बाई. समद्यायला धाक. पर तिसऱ्या दिशी मला परसात नेलं, डबी हातात दिली नि म्हणली, "घे पोरी. ही तोंडात असूस्तवर मी बी तुला हाक मारणार न्हाई." तिला दुसरं काय देता येत व्हतं? ती तिची माया व्हती. मी ती डबी जनमभर कमरेला लावली.

कमल आली तवा सातवी शिकलेली, दात पांढरेशिप्पट. म्हणलं, हिला ही घाण लावायची न्हाई. डबी दिली न्हाई. समद्यायला सांगत फिरायचे, माह्या सुनेला कसली आदत न्हाई. पर डबीसंगं जे देत असतेत ते बी मी दिलं न्हाई. तिचे दात राखले नि तिला घडीभर बसू दिलं न्हाई. मी बसायचे तवा समद्या हाका तिलाच जायच्या. त्या आयकायला गोड लागायच्या मला. सून किती कामाची, असं वाटायचं.

तर म्या डबी चुलीत टाकली. पत्र्याची हाय, जळंना, नुसती काळी झाली. कमलला म्हणलं, तुही पुडी बी टाक. तिनं टाकली. मंग दोघी चुलीम्होरं खोकत बसलो.

लय तकलीफ झाली. डोकं फिरल्यावाणी. सकाळी बोट आपसूक दातावर जातं. तुह्या दादावर, दिनकरवर दोनदा वरडले, कस्तुराबाईशी भांडले, ती इथं बसून हसायलीय. लवंग चघळते. पर हात लावला न्हाई. सून माह्या मागं चालायलीय ना, मंग मी कुठं जायलीय ते मला बगाया पायजे.

कमलला तू कायबी बोलू नको. तिच्यासाठी काय करायचं ते मी करते, त्याला कागद लागत न्हाई.

तुही माय,
सरजाबाई

•

सेलू,
३० मार्च १९७५

प्रिय रुख्माताई, सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. आत्याबाईंनी माझं सगळं तुम्हाला कळवलं, हे मला त्यातूनच कळलं. कस्तुराबाई दीड महिना माझ्यासमोर बसून चहा पीत होत्या आणि तोंडातून शब्द काढला नाही. तुम्ही रागावाल म्हणून मी लिहिलं नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत, उलट स्वतःलाच बोल लावून घेतलात. तसं करू नका. तुम्ही बसा म्हणालात म्हणून मी बसले, आणि बसले म्हणून या घरात पुढचं सगळं झालं.

आधी परभणीचं. काल दाखवून आलो. डॉक्टरांनी परत बॅटरी मारली, जवळून पाहिलं, लांबून पाहिलं, आणि विचारलं, "आजी, कुठल्या बाजूला होता?" चट्टा पुसट झालाय. अजून पूर्ण गेलेला नाही, पण जाईल म्हणाले. असं सोडणारं माणूस वर्षात एखादंच बघायला मिळतं, असंही म्हणाले. आत्याबाई नुसत्या "हौ" म्हणाल्या. येताना मी फलाटाच्या टोकाकडे बघत होते. त्या बाकावरून हलल्या नाहीत. शेंगा घेतल्या, दोन्ही बाजूंनी चावून खाल्ल्या आणि टरफलं माझ्या पदरात टाकत राहिल्या. मला त्या टरफलांचाही अभिमान वाटला. जित्याची खोड जित्यानेच मोडली, ताई. आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांदेखत. मी त्यांच्या वयाची होईन तेव्हा माझ्यात याच्या अर्धी धमक असली तरी पुष्कळ झालं.

कारखान्याने पावडर काढायचं रद्द केलं, हे वाचून वाईट वाटलं. वास खरंच छान होता. पण तुमच्या साहेबांनी बायनाबाईंचं बोलणं अहवालाच्या पहिल्या पानावर घातलं आणि तुम्हाला नोकरीत कायम केलं, हे मी साऱ्या गल्लीला सांगितलं. आत्याबाई पोखर्णीहून आलेल्या पाहुण्यांनाही सांगत होत्या, "माही रुख्मिणी मुंबईत लोकायला इचारते नि साहेब लिवून घेतो." थोडं उलटसुलट झालं, पण मी सुधारलं नाही.

तुमचे साहेब विचारत होते ना, फुरसत कुठल्या डब्यात भरायची? त्यांना आमच्या घरचं सांगा.

आत्याबाई आता सकाळी मागच्या दाराच्या उंबऱ्यात बसतात. रिकाम्या तोंडाने. मी पहिल्या दिवशी चुलीकडे निघाले तर मला दंडाला धरून बाहेर नेलं, तुराट्यांच्या गंजीशी पाट टाकला आणि म्हणाल्या, "बस. हितून उटायचं न्हाई." मी म्हटलं, "करू काय?" तर म्हणाल्या, "मी काय करत व्हते? बस." मला बसता येईना. हात आपोआप काहीतरी शोधायचे. पहिले काही दिवस मी तिथे बसून शेंगा निवडल्या, मग त्यांनी सूपही काढून घेतलं. आता सवय झाली. मिश्रीची आठवण येते, खोटं कशाला बोलू, पण ऊन अंगावर आलं की जाते.

हे पत्र मी तिथेच बसून लिहितेय. दात तुमच्या उरलेल्या सुहासने घासले, ते डब्यावर लिहिल्याप्रमाणे खरंच एका मिनिटात झाले. त्यानंतरचा वेळ माझा.

मघाशी आतून तुमच्या दादांचा आवाज आला. "अगं, चहा झाला का?"

आत्याबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "कमल मिश्री लावायलीय. तिला हाक मारू नको."

ते दारापर्यंत आले, मला पाहिलं, माझ्या हातातला कागद पाहिला. म्हणाले, "माय, ती कुठं मिश्री लावते?"

"मी लावत व्हते तवा तू चहा कुणाला मागायचास?"

"कमलला."

"मंग आता माह्या तोंडात काय न्हाई. मला माग."

ते आत गेले. भांड्यांचा आवाज आला, काडेपेटीचा आला, आणि आत्याबाईंनी उंबऱ्यातूनच सांगितलं की साखरेचा डबा वरच्या फळीवर आहे.

तुम्ही मे महिन्यात याल तेव्हा तुमच्यासाठीही पाट टाकून ठेवू. आता कागद संपत आला, ताई. हाक अजून आलेली नाही.

तुमची वहिनी,
कमल